वाट एकदा हाताने लिहा

भोरहून महाडला जायचे तर वरंध घाट. पुण्याला जायचे तर कापूरहोळ. निघताना पहिले वळण तेवढे अचूक हवे. लिनक्स संगणकातील मार्ग-तक्ताही असाच. पत्त्याशी सर्वांत नेमकी जुळणारी ओळ निवडली जाते. एकही जुळली नाही तर ‘डिफॉल्ट’ मार्ग, म्हणजे घरचा राउटर, बहुधा १९२.१६८.१.१.

आज हा तक्ता आपोआप भरतो, आणि तीच आमची तक्रार! शिक्षकांनी ‘आयपी रूट’ ही आज्ञा देऊन तो मुलांना दाखवावा, डिफॉल्टची ओळ पुसून त्यांच्याकडून पुन्हा लिहून घ्यावी. (चुकले तरी भिऊ नका, संगणक पुन्हा सुरू केला की तक्ता पूर्ववत होतो.) हाताने लिहिलेल्या ओळीला घाटात दरड कोसळल्याचे मात्र कळत नाही. वेल्ह्यात भर पावसात इंटरनेट थांबले, तर आधी राउटरपर्यंतची वाट तपासा, मग त्याच्या पलीकडची.