पाणबुडी बुडावी, पण हरवू नये

रिमोटवर चालणारी पाणबुडी घरीही करता येते. पण तिला बुडायला शिकवण्याआधी वर यायला शिकवा.

बाहेरून ७५ मि.मी. व्यासाचा, ५० सें.मी. लांब पी.व्ही.सी. पाइप दोन्ही तोंडे बंद करून बुडवला, तर तो सुमारे २.२ लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणून मोटार, बॅटरी आणि शिसे धरून एकूण वजन २.२ किलोपेक्षा किंचित कमी ठेवा. ती जेमतेम तरंगेल. शिसे तळाशी लावा, म्हणजे ती उलटणार नाही. मोटारीच्या वेगात आडवी पाती झुकवली की ती पाण्याखाली जाते; मोटार थांबली की आपोआप वर येते.

याची गरज का? आजच्या २.४ गिगाहर्ट्झ रिमोटच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरतात. २७ किंवा ४० मेगाहर्ट्झच्या लहरी गोड्या पाण्यात त्याहून खोल पोचतात, खाऱ्या पाण्यात मात्र त्याही अडतात. म्हणूनच खऱ्या पाणबुड्यांना संदेश धाडण्यासाठी तामिळनाडूत नौदलाचे 'आयएनएस कट्टबोम्मन' हे अतिशय कमी कंपनसंख्येच्या लहरींचे केंद्र १९९० साली सुरू झाले. तुमच्या पाणबुडीत संदेश तुटताच मोटार थांबेल, अशी सोय हवीच.

यंत्र बसवण्याआधी रिकामा पाइप रात्रभर पिंपात दाबून ठेवा. आत थेंबभर पाणी दिसले, तरी झाकण पुन्हा बसवा. पहिली चाचणीही पिंपातच घ्या. तलावावर वडीलधारे सोबत हवेत आणि पाणबुडीला बारीक दोरी बांधलेली हवी. ती अडकली तर दोरी ओढा. तिच्यामागे पाण्यात कोणीही उतरू नका. पाणबुडी पुन्हा करता येते.