गाडी ऑटोमॅटिक, मेस्त्री दाराबाहेर

पहाटे सव्वापाचला फोन वाजला. पत्रकाराला या वेळी फोन आला की एक तर अपघात, नाहीतर कुणीतरी गेलेलं. पलीकडं आमच्या भावकीतला पुतण्या होता. "काका, गाडी गिअरच घेईना. गूळ भरलाय, सौद्याला पोचायचंय. शोरूमला कोण वळखीचं हाय काय?"

पन्हाळ्यावरून मोटारसायकल काढली, कानटोपी घातली आणि वाघबीळमार्गे खाली गुऱ्हाळावर गेलो. ट्रक जाग्यावर, इंजिन चालू, समोर पिवळा दिवा. लिव्हर 'डी'वर टाकला तरी काट्याजवळ 'एन'च दिसतंय. म्हणजे न्यूट्रल. क्लचचा पायडल नाहीच, त्यामुळं जोर लावून गिअर टाकायचीही सोय नाही. पोराने कर्ज काढून घेतलेली सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी. रात्रभर थंडीत उभी होती, एवढंच.

गावातला मेस्त्री आला. शाळा सातवीपर्यंत, अनुभव तीस वर्षांचा. त्यानं बॅटरीचे टर्मिनल बघितले, हवेच्या टाकीचा ड्रेन उघडला. भसाभसा पाणी आलं. म्हणाला, "बॅटरी उतरलीया, हवेत पाणी झालंय. ते मी करतो. पण गिअरबॉक्स आता परत शिकवाय लागणार. त्ये लॅपटॉप लावल्याबिगर हुईत न्हाई, आणि त्यो लॅपटॉप आमाला कोण देत न्हाई."

वर्कशॉपचं उत्तर, "माणूस उद्या येईल." तो तिसऱ्या दिवशी आला. वायर जोडली, वीस मिनिटं बटणं दाबली, गाडी चालू. निदान काय? बॅटरी कमजोर, हवेत पाणी. आमच्या मेस्त्रीनं पहाटे सांगितलं तेच! तोवर गूळ दुसऱ्या गाडीत भरला, हमाली दोनदा दिली, त्या दिवसाचा सौदा चुकला आणि गाडी तीन दिवस बिनकामाची. हप्ता काही थांबत नाही.

आता काही जण म्हणतील, "म्हणून म्हणतो, ऑटोमॅटिक ट्रक घेऊ नये." मला हे पटत नाही. अणुस्कुऱ्याचा किंवा आंबा घाट भरल्या गाडीनं चढताना डाव्या पायानं किती वेळा क्लच दाबावा लागतो, ते जुन्या ड्रायव्हरच्या गुडघ्याला विचारा. पाय वाचतोय, क्लच प्लेट वाचतेय, नवखा माणूसही गाडी नीट चालवतोय. तंत्र चांगलंच आहे.

थोडं समजून घेऊया. आपल्याकडच्या बऱ्याचशा ऑटोमॅटिक ट्रकांत गिअरबॉक्स साधाच असतो, जुन्यासारखा. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. मोठ्या गाड्यांत हे यंत्र बहुतेक हवेच्या दाबावर चालतं, म्हणजे ब्रेकला जी हवा लागते तीच. रात्रीत दाब उतरलेला असेल तर तो भरेपर्यंत गाडी गिअर घेत नाही. पहाटेच्या गारठ्यात हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साठते. ते रोज सोडलं नाही आणि ड्रायरचं काडतूस वेळेवर बदललं नाही, तर पाणी व्हॉल्व्हपर्यंत जातं. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, तेल घट्ट झाल्यानं स्टार्टरला करंट मात्र जास्त लागतो. व्होल्टेज पडलं की गिअरचा कॉम्प्युटर गोंधळतो. गिअर ऑईलच्या डब्यावर '८० डब्ल्यू ९०' असं लिहिलेलं असतं, त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचाच आहे. कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडऐवजी मिळेल ते ओतलं, तर सकाळी गिअर जडच पडणार.

पन्हाळ्याची थंडी काही लडाखची नव्हे. इथं डिझेल गोठत नाही की पाइपात बर्फ होत नाही. सकाळी दाब भरेपर्यंत थांबायचं, संध्याकाळी टाकीतलं पाणी सोडायचं, थंडीच्या तोंडावर बॅटरी तपासायची. पाच-दहा मिनिटांचं काम. पण हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. जुन्या मालकानं गाडी विकली, फायनान्सवाल्यानं सह्या घेतल्या. पुस्तक सापडलं ते इंग्रजीत.

आपल्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीच्या परवान्याला गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे. ट्रकला क्लच आहे की नाही, हे परवाना विचारत नाही. मी नवा परवाना मागत नाही, एजंटांची सोय कशाला वाढवायची? पण गाडी ताब्यात देताना मराठीत एक पान आणि अर्ध्या दिवसाचं शिक्षण, एवढं तरी सक्तीचं नको का? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलं झालं. ड्रायव्हरला गारवा देण्याचा नियम होतो, तर माहिती देण्याचा का होत नाही?

दुसरा मुद्दा मेस्त्रीचा, आणि तो जास्त जिव्हारी लागणारा आहे. कोल्हापूर म्हणजे म्हादबा मेस्त्रींचं नाव आदरानं घेणारं गाव. उद्यमनगरात नमुना टाकला की पार्ट बनवून मिळतो, ही आपली ख्याती. त्याच जिल्ह्यातला मेस्त्री आज एका पासवर्डपाशी अडतोय. हुशारी कमी पडलेली नाही, दार बंद आहे.

हे काही मी नवीन सांगत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. आक्षेप हाच, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत. तो निकाल कारचा होता, आणि पुढं कोर्टकज्जे सुरू झाले. २०२२ मध्ये केंद्रानं 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, वर्षाअखेरीस पोर्टलही काढलं. त्यात वाहनं आहेत, शेतीची अवजारंही आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून हा हक्क घेतला. आपल्याकडं पोर्टल आहे, पण गुऱ्हाळावर पहाटे पाच वाजता त्याचा काय उपयोग?

कंपन्यांचं म्हणणं असतं, "कुणीही सॉफ्टवेअरला हात लावला तर अपघात होईल." मुद्दा खोटा नाही. घाटात चुकीच्या गिअरनं माणूस मरू शकतो. पण मग त्याचं उत्तर प्रशिक्षण आणि नोंदणी हे आहे, कुलूप हे नाही. ब्रेकचं काम आजही गावातला मेस्त्रीच करतोय की! त्याच्यावर जिवाचा भरवसा चालतो आणि लॅपटॉपचा चालत नाही?

माझ्या मागण्या साध्या आहेत. कळंब्याच्या आयटीआयमध्ये चालू मेस्त्र्यांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग काढा, दाखला द्या, आणि दाखलेवाल्याला कंपन्यांनी वाजवी पैसे घेऊन सॉफ्टवेअर द्यावं. साखर कारखाने हंगामाआधी वाहतूकदारांशी करार करतात, त्याच दिवशी बॅटरी-हवा-तेल तपासणीचा कॅम्प लावावा. ऊस, गूळ, दूध सगळं थंडीतच जोरात असतं. गाडी बंद पडायची वेळ आणि माल हलायची वेळ एकच. उसाचं तर वजनच घटतं उभ्या गाडीत.

आणि वाहनमालकांनो, आपलीही चूक आहे. गाडी घेताना आपण ॲव्हरेज विचारतो, डाऊन पेमेंट विचारतो. 'बिघडली तर किती तासांत माणूस येणार, ते लिहून द्या' असं कितीजण म्हणतात?

तुमच्याकडं ऑटोमॅटिक गाडी असेल आणि अशी उभी राहिली असेल, तर गाडीचं वर्ष, ठिकाण आणि किती दिवस उभी होती एवढं खाली लिहा. सगळं गोळा करून आरटीओ आणि जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देणार आहे. पुतण्या सोबत येतोय. मेस्त्रीही येतो म्हणालाय, फक्त सकाळची वेळ नको म्हणतो. थंडीचे दिवस आहेत, सकाळी त्याच्या दारात गाड्यांची रांग असते.