दगडांची साक्ष आणि सत्तेची सोय

कष्ट एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, हा अनुभव जगाला नवा नाही. परंतु एका संपूर्ण नगरीचे श्रेय तिच्या निर्मात्यांच्या वंशजांना सुमारे शतकभर नाकारले जावे, हा प्रकार विरळाच. आफ्रिकेतील ‘ग्रेट झिंबाब्वे’ या पाषाणनगरीच्या बाबतीत नेमके हेच घडले.

आजच्या मास्विंगो शहरानजीकची ही नगरी अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान शोना लोकांच्या पूर्वजांनी उभारली. दिवसाची उष्णता व रात्रीचा गारवा यांमुळे तेथील ग्रॅनाइटच्या टेकड्यांचे पापुद्रे सुटतात. त्यांचे चिरे करून, चुना न वापरता, थरावर थर रचून भिंती बांधण्यात आल्या. मोठ्या आवाराची बाहेरील भिंत सुमारे २५० मीटर लांब असून काही ठिकाणी तिची उंची ११ मीटरपर्यंत जाते. या वैभवामागे शेती, पशुधन व सोन्याचा व्यापार यांचे भक्कम अर्थकारण होते. पूर्व किनाऱ्यावरून सोने व हस्तिदंत बाहेर जाई. चिनी व इराणी भांडी आणि भारतातील काचेचे मणी आत येत.

१८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तेथे पोहोचला. तेथील एका तुळईचे लाकूड आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखे दिसते, एवढ्यावरून ते लेबनॉनचे देवदार व ही वास्तू शेबाच्या राणीशी निगडित, असे अनुमान त्याने काढले! सेसिल ऱ्होड्स यांच्या कंपनीने हा मुलूख ताब्यात घेतल्यावर अशा कल्पितांना राजाश्रयच लाभला. रिचर्ड हॉल यांनी तर आफ्रिकी वस्तीचे थर कचरा समजून उकरून फेकले. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-टॉम्पसन यांनी उत्खननांती हे काम आफ्रिकी लोकांचेच असल्याचा निर्वाळा दिला. तथापि १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य पुकारणाऱ्या ऱ्होडेशियाच्या गोऱ्या राजवटीला हे सत्य मानवले नाही. त्याचा आग्रह धरणारे पीटर गार्लेक यांना १९७० मध्ये देश सोडावा लागला.

या हट्टाचे मूळ जमिनीच्या मालकीत होते. जे लोक असे नगर उभारू शकतात ते राज्यही चालवू शकतात, हे एकदा मान्य केले की त्यांच्या सुपीक जमिनी व खाणी बळकावण्याचे समर्थन कोसळते. म्हणूनच निर्माता फिनिशियन असो वा अरब, तो आफ्रिकी नसला म्हणजे झाले, एवढीच सत्तेची अट होती.

१९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने या नगरीचेच नाव धारण केले, तर १९८६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. न्याय झाला खरा. परंतु हॉल यांनी नष्ट केलेले थर आता कोणालाही परत मिळवून देता येणार नाहीत. पुराव्यापेक्षा सोयीला अधिक मान देणाऱ्या राजवटी येतात आणि जातात. त्यांनी पुसलेला इतिहास मात्र कायमचा हरपतो. इतिहास शिकविणाऱ्यांनी व शिकणाऱ्यांनी ही गोष्ट नित्य स्मरणात ठेवावयास हवी.