बॅटरी डोळ्यांसमोर हवी

विमानप्रवासाचे बहुतेक नियम शेंबड्या पोरालाही कळतील असे असतात. चाकू-कात्री हातातल्या बॅगेत नको, कारण उघड आहे. रॉकेल, फटाके, गॅसचा सिलिंडर कुठल्याच बॅगेत नको, तेही उघड आहे. एक नियम मात्र सरळ डोक्याच्या माणसाला चक्क उलटा वाटतो. ड्रोन चेक-इनच्या बॅगेत टाकला तरी चालतो, पण त्याच्या सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये स्वतःजवळच न्यायच्या. म्हणजे न पेटणारी वस्तू खाली पोटात आणि पेटू शकणारी वस्तू आपल्या मांडीवर!

आमच्या बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, आग लागायची भीती असलेली वस्तू चार माणसांत घेऊन बसायची? हा कुठला शहाणपणा?" बाबांचं निम्मं आयुष्य डोंबिवली एमआयडीसीच्या शेजारी गेलंय, त्यामुळे असल्या बाबतीत त्यांचं मत उडवून लावता येत नाही. आणि प्रश्न खरंच रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर विमानतळावर कुणी देत नाही. माझं म्हणणं असं की नियम शंभर टक्के बरोबर आहे, पण तो कारणाशिवाय सांगितला जातो, आणि म्हणूनच जिथे पाळायला हवा नेमका तिथेच मोडतो.

आधी कारण बघू. लिथियम बॅटरीची आग साध्या आगीसारखी नसते. आतमध्ये शॉर्टसर्किट झालं, मार बसला किंवा सेल बनवतानाच काही दोष राहिला, तर एक सेल तापतो. एका मर्यादेपलीकडे तापला की आतली रासायनिक क्रिया स्वतःच आणखी उष्णता तयार करते, त्या उष्णतेने क्रिया आणखी वाढते, आणि मग शेजारचा सेल तापतो. याला थर्मल रनअवे म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्रेक कंडिशन नसलेला लूप. विमानाच्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण तापलेल्या सेलला थंड करत नाही. थंड करायला पाणी लागतं, भरपूर आणि सतत. आणि पाणी ओतायला माणूस लागतो. उडत्या विमानाच्या पोटात माणूस कुठून आणणार?

केबिनमध्ये मात्र माणसं असतात. कुणाला तरी वास येतो, धूर दिसतो, कुणीतरी ओरडतं. हवाईसुंदरींना आणि त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांना याचं प्रशिक्षण असतं: आधी हातातल्या उपकरणाने ज्वाळा विझवा, मग पाणी किंवा जे काही थंड पेय हाताशी असेल ते ओतत राहा. म्हणजे या नियमात सगळ्यात महत्त्वाचं सुरक्षा-उपकरण कुठलं? तर तुमचे-आमचे डोळे आणि नाक.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. तीन उदाहरणं देतो.

पहिलं आपल्याच देशातलं. 19 ऑक्टोबर 2025, दिल्लीहून दिमापूरला निघालेलं इंडिगोचं विमान धावपट्टीकडे जात होतं. सीटच्या मागच्या खिशात ठेवलेल्या पॉवरबँकने पेट घेतला. अगदी डोळ्यांसमोर. कर्मचाऱ्यांनी ती लगेच विझवली, कुणालाही इजा झाली नाही.

दुसरं दक्षिण कोरियातलं. 28 जानेवारी 2025, बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाच्या तयारीत उभं होतं. मागच्या बाजूच्या डोक्यावरच्या कप्प्यातून आग आली. विमान जमिनीवर होतं म्हणून आतली सगळी, म्हणजे 176 माणसं बाहेर पडू शकली. विमान मात्र जळून गेलं. पॉवरबँकमधूनच आग लागली असावी, असं तिथल्या तपासात पुढे आलं. बॅटरी केबिनमध्येच होती, पण बंद कप्प्यात होती. दिसली तेव्हा उशीर झाला होता.

तिसरं सगळ्यात वाईट. 3 सप्टेंबर 2010, दुबईहून निघालेलं यूपीएस कंपनीचं मालवाहू 747. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. आग मालाच्या कक्षात लागली, धूर कॉकपिटपर्यंत आला आणि दोन्ही वैमानिक गेले. एका ड्रोनच्या तीन बॅटऱ्यांची आणि या मालाची तुलना होत नाही हे मान्य. पण जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे ही आग काय करते ते यातून कळतं. पुढे 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानांतून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूक जगभर बंद केली गेली, त्यामागे हीच भीती होती.

सीटचा खिसा, डोक्यावरचा कप्पा, विमानाचं पोट. बॅटरी जितकी नजरेआड, तितका परिणाम वाईट. भारताच्या डीजीसीएने नोव्हेंबर 2025 च्या सूचनेत पॉवरबँका आणि सुट्या बॅटऱ्या डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवू नका असं सांगितलं, ते याच हिशेबाने. एवढं समजलं की बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. पेटणारी वस्तू माणसांत ठेवायची, कारण माणसंच ती विझवू शकतात.

आता नियम कुठे मोडतो ते बघा. माझा एक मित्र कल्याणला लग्नाचे व्हिडिओ करतो. हल्ली प्री-वेडिंग शूट म्हटलं की गोवा नाहीतर केरळ, आणि ड्रोनशिवाय तर नवरा-नवरीचं पान हलत नाही. एकदा काउंटरवरच्या मुलीने त्याला सांगितलं, "सर, ड्रोन आहे ना? सगळा सेट चेक-इनमध्ये टाका." बॅटऱ्यासुद्धा? "हो सर, सगळा." त्याला नियम पाठ होता म्हणून तो अडला, वरिष्ठांना बोलावलं, वीस मिनिटं गेली, मागची रांग खेकसायला लागली. शेवटी बॅटऱ्या केबिनमध्ये गेल्या. आता विचार करा, नियम पाठ नसलेला माणूस काय करेल? मुकाट्याने "सगळा सेट" खाली टाकेल. त्या मुलीचा तरी काय दोष? तिला यादी दिलेली असते. यादीत ड्रोन चेक-इनमध्ये असं लिहिलेलं असतं. का, ते लिहिलेलं नसतं. कॉमेंट नसलेला कोड नवीन माणसाच्या हातात दिला की तो काय करतो ते आपण सगळेच ऑफिसात रोज बघतो. :-)

पण त्याहून मोठं भगदाड पुढे आहे, आणि ते फार कुणाच्या लक्षात येत नाही. सुरक्षा तपासणी झाली, बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत नीट आहेत, सगळं नियमानुसार. मग गेटवर जाहीर होतं की विमान भरलेलं आहे, वर जागा नाही, मोठ्या बॅगा इथेच द्या. एटीआरसारख्या छोट्या विमानात तर हे नेहमीचंच. बॅगेला टॅग लागतो आणि ती खाली जाते. आतल्या बॅटऱ्यांसकट! नियमाप्रमाणे त्या आधी बाहेर काढायला हव्यात. पण त्या घाईत ते विचारायचं राहून जातं, आणि प्रवाशालाही सुचत नाही, कारण त्याच्या डोक्यात "बॅटरी केबिन-बॅगेत" एवढंच बसलेलं असतं. त्याला कारण माहीत असतं, तर त्याने स्वतःहून बॅग उघडली असती.

कुणी म्हणेल, लाखो प्रवाशांना थर्मल रनअवे कोण समजावत बसणार? नकाच समजावू. एका वाक्याचं काम आहे: "बॅटरी जवळ ठेवा, कारण पेटली तर ती दिसली पाहिजे." हे मराठीत, हिंदीत, काउंटरवर, गेटवर आणि टॅगच्या पट्टीवर छापायला किती खर्च येतो? सध्या असतात ती चित्रं. बॅटरीवर लाल फुली. त्यावरून माणूस एवढंच शिकतो की बॅटरी ही लपवायची गोष्ट आहे. आणि लपवायला सगळ्यात सोयीची जागा कुठली? कपड्यांच्या घडीत, चेक-इनच्या बॅगेत.

डोंबिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको. 26 मे 2016 आणि 23 मे 2024, आठ वर्षांत दोनदा एमआयडीसीत मोठे स्फोट झाले, माणसं गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा लोकांच्या तोंडी एकच प्रश्न होता: शेजारच्या शेडमध्ये नेमकं काय ठेवलंय हे आपल्याला कधी कुणी सांगितलं होतं का? धोका असतोच. पण तो कुठे आहे आणि कसला आहे हे माहीत नसणं हा दुसरा धोका, आणि तो मात्र टाळता येतो.

आता थोडं आपल्या बाजूचं. ड्रोनवाल्यांनी हिशेब एमएएचमध्ये करू नये, वॉट-अवरमध्ये करावा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, एवढं सोपं आहे. 20,000 एमएएचची पॉवरबँक 3.7 व्होल्टने 74 वॉट-अवर होते. मॅविक 3 ची बॅटरी फक्त 5000 एमएएचची, पण 15.4 व्होल्टची, म्हणजे 77. दिसायला चौथाई, प्रत्यक्षात जास्त! मिनी 2 ची तर जेमतेम 17. शंभरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, शंभर ते एकशेसाठ असेल तर विमान कंपनीची परवानगी हवी आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच, त्यापुढे कुठल्याच बॅगेत नाही. शेतात फवारणी करणाऱ्या ड्रोनची 16,000 एमएएचची, 22.2 व्होल्टची बॅटरी 355 वॉट-अवर भरते. ती घेऊन विमानतळावर जाण्यात अर्थ नाही.

बाकीचं साधं आहे. टर्मिनलवर टेप किंवा टोपण, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, किल्ल्या-नाण्यांपासून लांब. चार्ज पूर्ण भरून नेऊ नका, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरवा, कारण भरलेली बॅटरी जास्त जोरात पेटते. फुगलेली बॅटरी घरीच ठेवा, मग ती कितीही महाग का असेना. सगळ्या बॅटऱ्या एका छोट्या पिशवीत ठेवा, म्हणजे गेटवर बॅग मागितली तर पिशवी काढून घ्यायला पाच सेकंद लागतील. आणि निघण्याआधी कंपनीच्या साइटवर नियम वाचा, कारण किती सुट्या बॅटऱ्या चालतील आणि ड्रोन केबिनमध्ये चालेल का, यात कंपनीगणिक फरक असतो.

बाबांना हे सगळं सांगून झाल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग असं स्पष्ट लिहीत का नाहीत?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते विमानतळावाल्यांनी द्यायचं आहे.