साठीनंतरची धुळाक्षरे

परभणी जिल्ह्यातील पेडगावासारख्या गावी ज्या वृद्ध खातेदाराने सातबाऱ्याच्या नकलेसाठी तलाठ्याच्या दफ्तराचे उंबरे आयुष्यभर झिजवले, त्याच्याच घरातील मोबाईलवर २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा तोच उतारा मिळू शकतो. परंतु प्रत्येक पात्र ग्रामीण कुटुंबातील एकास डिजिटल साक्षर करण्यासाठी २०१७ मध्ये आरंभलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने वयोमर्यादा १४ ते ६० ठेवल्याने आजोबा त्या कक्षेबाहेरच राहिले. ही उणीव आता घरानेच भरून काढावयाची आहे. नातवाने मोबाईल हिसकावून क्षणार्धात काम उरकणे म्हणजे अध्यापन नव्हे. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक या पायऱ्या आजोबांच्याच बोटाने, त्यांच्याच गतीने चढू द्याव्यात, आणि ओटीपी कोणासही सांगू नये, हा धडा सर्वांत आधी गिरवून घ्यावा.