हिशेब तोंडपाठ आहे, साहेब

गेल्या महिन्यात चिंचवडच्या एका वातानुकूलित हॉलमध्ये कामगारांच्या पगारहक्कांवर 'जनजागृती' झाली. व्यासपीठावर टाय घातलेले चौघे, समोर आठवड्याची सुट्टी वाया गेलेली पोरं. एक साहेब कळवळून म्हणाले, "आपल्या कामगाराला स्वतःचे हक्कच माहीत नसतात हो!" मागच्या रांगेत मला हसू आवरेना.

साहेब, एकदा म्हाळुंग्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत या. माणसं पाच, गाद्या तीन, शिफ्टप्रमाणे झोपायचं. तिथल्या हिंगोलीच्या एका पोराने मला गायछापच्या कागदावर हिशेब मांडून दाखवला. महिन्याला 15,600, दिवस 26. म्हणजे रोज 600, तासाला 75. ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, 40 तास. दुप्पट दराने सहा हजार व्हायला हवेत, हातात आले तीन हजार. कारण ठेकेदार ओटी 'सिंगल'ने देतो. एका खाड्याला दोन दिवसांची कपात. पीएफचा स्वतःचा 12 टक्के वाटा कापलाच, वर मालकाचाही त्याच्याच पगारातून काढला. पोरगं बारावी नापास आहे. हिशेबात एका रुपयानेही चुकलं नव्हतं.

मग अडतं कुठे? पगाराची स्लिप मागितली की सुपरवायझर विचारतो, "काम पाहिजे का कागद?" तिथे. आणि कायद्यातले 240 दिवस भरायच्या आत मिळणाऱ्या 'ब्रेक'वर. सात महिन्यांनी घरी बसवायचं, महिन्याभराने दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच लाइनवर, त्याच मशीनवर उभं करायचं. ज्याला पुढच्या महिन्यात गेट पास मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याला तुम्ही कायद्याची पत्रकं वाटता!

कायदा तर आमच्या आजोबांच्या वयाचा आहे. पगार वेळेत द्या, हे 1936 पासून. कारखान्यात ओटी दुप्पट, 1948 पासून. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने भरावा, हे 1970 पासून. किमान वेतनाहून कमी देऊन राबवणं ही घटनेच्या 23 व्या कलमाखाली वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयाने आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात 1982 साली सांगितलं. वेठबिगारी म्हटलं की आपल्याला वीटभट्टी आठवते. रोबोट वेल्डिंग करतो त्या चकाचक शेडमध्ये ती कोणी शोधत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. स्लिप देणं बंधनकारक, मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, काम सुटलं की दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता. उत्तम. त्या हॉलमध्येच मी उठून एका एचआरवाल्यांना विचारलं, "तुमच्याकडे ठेकेदाराच्या पोरांना स्लिप मिळते का?" ते म्हणाले, "तो ठेकेदाराचा विषय आहे."

ऐकलंत? पार्टच्या भोकात दशांश मिलिमीटरचा फरक पडला तर ही माणसं व्हेंडरला रात्री बाराला गेटवर उभा करतात. माल परत, बिल अडकलं, वर दंड. आणि माणसं पुरवणाऱ्याने त्याच माणसांचे तीन हजार गिळले की तो त्याचा खासगी विषय! तपासणी नट-बोल्टची होते, हजेरीपत्रकाची होत नाही. यात अज्ञान कोणाचं? मला तर यात सोय दिसते, ठेकेदार स्वस्तात पडण्याची सोय.

भोसरीत मीही एका ठेकेदाराकडे चार वर्षं काढली. सोडलं तेव्हा कोऱ्या व्हाउचरवर सही घेतली आणि 'फुल अँड फायनल'साठी सोमवारी या म्हणाले. सोमवारी साहेब गावाला गेलेले. पुढच्या सोमवारीही गावालाच. आता दावा करायला तीन वर्षं मिळतात, तेव्हा वर्षच होतं. ते माझं खेटे घालण्यातच गेलं. तेवीस दिवसांचा पगार आणि एकतीस तासांचा ओटी अजून तिकडेच आहे. दुप्पट दराने.