दाखले आपल्याच बांधीतले

संध्याकाळच्या कुटुंब-प्रार्थनेत मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न आपल्या अनेक ख्रिस्ती घरांत पडतो. मग कुणीतरी तयार गोष्टींचं पुस्तक उघडतं. त्यात बर्फात वाट चुकलेला मुलगा असतो, सफरचंदाची बाग असते, नाताळच्या रात्री धुराड्याजवळ बसलेलं कुटुंब असतं. या गोष्टी वाईट नाहीत. पण गोंदियाकडच्या दरेकसाच्या जंगलालगत वाढणाऱ्या मुलानं बर्फ पडताना कधी पाहिलेला नाही. ते गोष्ट ऐकतं, मान डोलावतं आणि जेवायला बसेपर्यंत विसरतं. त्याच घरात भिंतीला टेकून आजी बसलेली असते. तिच्याजवळ सांगण्यासारखं खूप असतं, पण तिला कुणी विचारत नाही.

वाचकहो, माझी कळकळीची विनंती आहे. विश्वासाचे धडे आधी आपल्या घरात, आपल्या शेतात, आपल्या लहानपणात शोधा आणि मुलांना तेच सांगा.

प्रभु येशूनं दुसरं काय केलं? त्याचे दाखले आठवून पाहा. पिठात कालवलेलं खमीर, जुन्या कपड्याला लावलेलं ठिगळ, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. बाजारात खेळणारी, एकमेकांवर रुसणारी मुलंसुद्धा त्याच्या बोलण्यात येतात. आम्ही पावा वाजवला तर तुम्ही नाचला नाहीत, अशी त्या मुलांची तक्रार आहे. हे त्यानं नासरेथच्या गल्लीत पाहिलं असणार, कदाचित त्या खेळात तो स्वतःही असेल. पेरणाऱ्याचा दाखला तर आपल्याकडच्या मुलाला समजावून सांगायलाच नको. आवत्या टाकताना, म्हणजे धान हातानं फेकून पेरताना, ते बांधावर कसं पडतं, पाखरं कशी तुटून पडतात, दगडाळ जागी उगवलेलं उन्हाच्या पहिल्या तडाख्यात कसं पिवळं पडतं, हे त्यानं स्वतः पाहिलेलं असतं.

आता मोहफुलांचं घ्या. चैत्र लागायच्या सुमारास मोहाची पानं झडतात आणि फुलं धरतात. ती पडतात रात्री उशिरा आणि पहाटे. झाडाखालची जागा आधी साफ करून ठेवलेली असते. कुणी झाडून काढतं, कुणी पालापाचोळा जाळतं, आणि तीच आग कधी जंगलात पसरते, म्हणून झाडून काढणंच बरं. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघायचं. एकट्यानं जायचं नाही, कारण मोह अस्वलालाही आवडतो. फुलं हाताला मऊ, ओलसर, फिकट पिवळी लागतात. वेचून वेचून पाठ धरते. ऊन वर आलं की घरी यायचं आणि अंगणात फुलं पसरायची. वाळून ती तपकिरी, मनुक्यासारखी होतात. कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावाला ठाऊक असतं. दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली टेकवायची नाही, हे मुलांना चालता येऊ लागल्यापासून शिकवलेलं असतं.

ज्यानं ही पहाट पाहिली त्याला निर्गमाचा सोळावा अध्याय वाचून दाखवा. रानात भुकेलेले लोक, पहाटे जमिनीवर पडलेला मान्ना, ऊन चढायच्या आत वेचायची घाई. माणशी एक ओमर. ज्यानं जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्यानं कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. मुलाला हा अध्याय अर्धा पाठच असतो, फक्त गाव बदलतं. न पेरता, न नांगरता मिळालेलं अन्न म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना माहीत असतं.

पण इथे थांबून फरकही सांगा. मान्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडत. मोह मात्र आपण वाळवून ठेवतो, आठवडी बाजारात विकतो, त्यावर पावसाळ्याची तरतूद करतो. दोन्ही गोष्टी ओढूनताणून सारख्या करू नका. मुलगी विचारेल, मग आपण साठवतो ते चूक का? विचारू द्या. योसेफानं मिसरात सात वर्षं धान्य साठवलं होतं, तेही शास्त्रातच आहे. या प्रश्नावर घरात अर्धा तास बोलणं झालं तर ती संध्याकाळ सत्कारणी लागली असं समजा. आणि याच फुलांची दारू निघते, तिनं किती घरं बुडवली, हेही लपवू नका. मुलांनी ते पाहिलेलं असतं. जे त्यांच्या डोळ्यांसमोर आहे ते आपण गाळलं, तर उरलेल्या सांगण्यावरही त्यांचा भरवसा राहत नाही.

माझ्या स्वतःच्या विश्वासाची मुळं बऱ्याच अंशी धानाच्या एका बांधीत आहेत. आजीच्या शेतात कापणी झाली की कडपा वाळायच्या, मग भारे बांधून पुंजणे घातले जायचे. त्यानंतर एक म्हातारी सरवा, म्हणजे शेतात गळून राहिलेल्या लोंब्या, वेचायला यायची. तिचं मागेपुढे कुणी नव्हतं. आम्ही पोरं तिला हुसकायला धावलो की आजी ओरडायची. एवढंच नव्हे, भारा बांधताना ती मुद्दाम ढिला बांधायची आणि धुऱ्याच्या कोपऱ्याकडून नेताना लोंब्या गळू द्यायची. एकदा मी तिला म्हणालो, आजी, एक पेंढीच देऊन टाक ना तिला. आजी म्हणाली, "दिलं तर ती घेणार नाही. सांडलेलं वेचेल." मग तिनं आम्हाला तोंड फिरवून उभं राहायला सांगितलं. म्हातारीला आपल्याकडे कुणी पाहतंय असं वाटू नये म्हणून.

आजीला अक्षरओळख नव्हती. रूथचं पुस्तक तिनं वाचलेलं नव्हतं. मी ते पुढे वाचलं तेव्हा दुसऱ्या अध्यायात थबकलो. मवाबातून आलेली परकी विधवा दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाका, तिला वेचू द्या, तिला धमकावू नका. शेताचा कानाकोपरा कापू नये, सरवा वेचू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावा, ही आज्ञा लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. पण आज्ञा पाळताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची काळजी कशी घ्यायची, हे मला बवाजाच्या आधी आजीनं दाखवलं होतं. दानधर्मावर मी अनेक चांगली प्रवचनं ऐकली आहेत. देताना आजही मला आजीचं ते तोंड फिरवणं आठवतं.

अशी एखादी व्यक्ती तुमच्याही घरात होऊन गेली आहे. ती ख्रिस्ती नसेलही. काही बिघडत नाही. देवाचं चांगुलपण आपल्याला कुणाच्या हातून दिसलं ते प्रामाणिकपणे सांगा.

साधा रोजचा प्रसंग माणसाचं आयुष्य किती बदलू शकतो याचा मराठी ख्रिस्ती इतिहासातला सर्वांत मोठा दाखला दरेकसाच्या रुळांवरून गेलेला आहे. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग 1880 च्या दशकात सुरू झाला. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा आणि पुढे बोरतलाव, डोंगरगड, असा तो डोंगर-जंगलातून जातो. बाप्तिस्म्याच्या साधारण दोन वर्षं आधी कवी नारायण वामन टिळक याच मार्गानं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. त्या काळात गोऱ्या माणसाकडून अपमान सोसायची सवय हिंदी प्रवाशाला होती. हा मात्र अदबीनं वागला. बोलणं निघालं ते काव्यावरून, संस्कृत साहित्यावरून. शेवटी त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं म्हणाला. टिळकांना ते पटलं नव्हतं, पण वाचायचं कबूल केलं होतं म्हणून त्यांनी वाचायला घेतलं आणि डोंगरावरील प्रवचनाशी येऊन ते अडकले. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही हकीकत मुलांना सांगताना बहुतेक जण त्या दोन वर्षांच्या भाकितावर भर देतात. मला त्या सहप्रवाशाची अदब मोठी वाटते. समोरच्याला आपली भाषा, आपले कवी प्रिय आहेत हे त्यानं ओळखलं आणि आधी ते ऐकून घेतलं. पुस्तक नंतर आलं. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत तुमची मुलं बसतील तेव्हा खिडकीतून त्यांना दरेकसाचा डोंगर आणि बोगदा दाखवा, ही गोष्ट सांगा, आणि शेजारी बसलेल्या प्रवाशाला जागा करून द्यायला सांगा.

सांगायचं कसं, हे शिकायचं असेल तर याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्याकडे जा. 1868 मध्ये जन्मलेल्या या बाईंचं शिक्षण जेमतेम होतं. त्यांच्या आठवणी 'स्मृतिचित्रे' या नावानं 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यात त्यांनी वडिलांच्या सोवळ्याची हकीकत सांगितली आहे. 1857 च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचा ध्यास लागला आणि बाजारातून आलेली वस्तूसुद्धा धुतल्याशिवाय घरात घेतली जाईना. पुढे लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या, 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. वडिलांना नावं ठेवायला त्यांना आयतं कारण होतं. त्यांनी ठेवली नाहीत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर आपण किती रडलो, त्याच्यापासून कशा दूर राहिलो, परत आल्यावरही सोवळं कसं सुटेना, हे सगळं त्या जसं घडलं तसं सांगत जातात. वाचणारा हसतो, गलबलतो, आणि त्याला काय शिकायचं ते तो आपणच शिकतो. कुठेही त्या थांबून 'तर यावरून बोध असा' म्हणत नाहीत.

आपण तिथेच चुकतो. आठवण दोन वाक्यांत उरकतो आणि बोध दहा मिनिटं सांगतो. उलटं करा. आठवण सावकाश, पूर्ण सांगा: ऋतू कोणता होता, चुलीवर काय होतं, कोण काय बोललं. मग वचन वाचा. मग गप्प बसा. मुलांना जोडू द्या. त्यांनी भलतंच जोडलं तरी लगेच दुरुस्त करू नका.

मीठमसाला लावू नका, हेही हात जोडून सांगतो. उपासनेत साक्ष देताना तापाचा मृत्यूशय्येपर्यंत विस्तार होतो, शंभराची नोट हजाराची होते. ऐकणाऱ्यांत मुलंही बसलेली असतात आणि खरं काय ते त्यांना घरून माहीत असतं. देवाच्या गौरवासाठी खोट्याची गरज नाही.

आणि काही प्रसंगांतून धडा काढूच नका. कापलेल्या धानावर अवकाळी पाऊस पडला, कडपांना कोंब फुटले, घरात मूल गेलं, अशा वेळी शेजारी जाऊन 'यात देवाची काही योजना असेल' म्हणणं निर्दयपणा आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. बोलू लागले आणि बिघडलं. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावण्याचा हक्क आपल्याला नाही. आपल्या दुःखाचा अर्थ आपल्याला लागला तर तो आपण सांगावा, वेळ लागला तर थांबावं.

तसंच दुसऱ्याच्या श्रद्धेचं. दरेकसाजवळ कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव येतात, त्यांच्या धर्माचं ते मूळस्थान आहे. आपल्या प्रवचनाला उदाहरण म्हणून ते वापरायला जाऊ नका, आणि हिणवायला तर अजिबात नको. त्या दिवसांत आपल्या दारावरून चालत जाणाऱ्या यात्रेकरूला पाणी विचारा, गावात जागा हवी असेल तर द्या. अनोळखी माणसाला केलेला पाहुणचार शास्त्राला मान्य आहे आणि मुलं तो पाहत असतात.

हे काम पुढे ढकलू नका. म्हातारी माणसं जातात आणि त्यांच्याबरोबर सगळं जातं. शंभर पानी वही आणा, नातवंडांपैकी ज्याचं अक्षर बरं असेल त्याच्याकडे द्या. आजीला 'तुझा विश्वास कसा वाढला' असं विचारू नका, ती गोंधळेल. दुष्काळात काय खाल्लंत ते विचारा. पहिल्यांदा गाडीत कधी बसलीस, कुणी उसने दिले आणि परत मागितले नाहीत, कुणाशी भांडण झालं आणि ते कसं मिटलं, असं विचारा. फोनवर आवाज नोंदवता येतो, तोही नोंदवा. तिची बोली सुधारून लिहू नका.

सुरुवात येत्या कापणीला करा. दिवाळीच्या आगेमागे धान पडायला लागलं की एका संध्याकाळी रूथचं पुस्तक काढा. चारच अध्याय आहेत, आळीपाळीनं वाचले तर वीस-पंचवीस मिनिटांत होतात. दुसरा अध्याय संपला की पुस्तक खाली ठेवा आणि घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा की तुमच्या लहानपणी सरवा कोण वेचायचं, आणि त्यांना कुणी काही बोलायचं का. उरलेले दोन अध्याय त्याच रात्री झाले नाहीत तर दुसऱ्या दिवशी वाचा.